९ किलोवॉटचा थ्री फेज वॉटर हीटर: टेस्टर तिन्ही फेजला पेटतो, पाणी मात्र कोमटच

लॉज_देखभाल (सोलापूर) · सोमवार, सकाळी ८:१०

५०० लिटरची उभी टाकी, ९ किलोवॉट थ्री फेज. एकाच फ्लँजवर (टाकीला बोल्टने बसणाऱ्या चकतीवर) ३-३ किलोवॉटची तीन एलिमेंटं, प्रत्येकावर २४० व्होल्ट छापलंय. जोडणी स्टार, म्हणजे तिन्ही एलिमेंटांची एकेक टोकं एका पट्टीने एकत्र जोडलेली; त्या स्टार पॉइंटला न्यूट्रल नाही. टायमर रात्री २ ला चालू, ५ ला बंद. पूर्वी ५ वाजता डायलवर ६० अंश असायचे. आठवडा झाला, काटा ४३ च्या पुढे जात नाही.

कॉन्टॅक्टर (कॉइलला सप्लाय मिळाली की तिन्ही फेज जोडणारा स्विच) ओढतो, खट् आवाज येतो. आरसीसीबी (अर्थकडे करंट गळला की पडणारा स्विच) पडत नाही. वायरमनने कॉन्टॅक्टरच्या आउटगोइंगला टेस्टर लावला, तिन्ही ठिकाणी पेटतो. तो म्हणतो फेज आहेत, म्हणजे एलिमेंट गेलं, पूर्ण फ्लँज बदला. गड्ड्याच्या जत्रेची बुकिंगं आहेत, टाकी रिकामी करून दोन दिवस बंद ठेवणं जमणार नाही. खरंच एलिमेंट असेल का?

अक्कलकोट_रोड_वायरमन · सोमवार, सकाळी ८:३५

बोअरचं पाणी असेल तर क्षार चढला असणार अण्णा. फ्लँज उघडून बघा, एलिमेंटवर बोटभर जाड थर असतो आपल्याकडं. तो काढला की तापतंय परत.

टाँगटेस्टर · सोमवार, सकाळी ९:०५

क्षाराने पाणी कमी तापत नाही. एलिमेंटचे वॉट ठरतात त्याच्या रेझिस्टन्सवर आणि मिळणाऱ्या व्होल्टेजवर. वर थर चढला तरी तेवढीच उष्णता शेवटी पाण्यातच जाते, फक्त आतली तार आणि नळी जास्त तापतात. म्हणून क्षाराने एलिमेंट फुटतं, जळतं, अर्थ होतं. 'रोज थोडं कमी तापतंय' असं त्याने होत नाही.

तुमच्या आकड्यांवरच बघा. ५०० लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला साधारण २३ युनिट लागतात. ९ किलोवॉटने ते अडीच-पावणेतीन तासांत होतं, म्हणजे २ ते ५ हा टायमर बरोबर लावलेला आहे. आता तीन तासांत ४३ होतंय. २३ अंशांची वाढ म्हणजे साडेतेरा युनिट, भागिले तीन तास, साडेचार किलोवॉट. बरोब्बर निम्मं.

न्यूट्रल नसलेल्या स्टारमध्ये एक फाटा तुटला की पॉवर दोन तृतीयांश राहत नाही, निम्मी होते. उरलेली दोन एलिमेंटं ४१५ व्होल्टवर सिरीजमध्ये येतात, प्रत्येकाला २०७ मिळतात. तेव्हा एक फाटा उघडा आहे हे नक्की. तो मेनमध्ये, एमसीबीत, कॉन्टॅक्टरच्या एका पोलमध्ये (एका फेजच्या संपर्कात), लगमध्ये (वायरच्या टोकाला चेपलेल्या धातूच्या टोपीत) किंवा एलिमेंटमध्ये, कुठेही असू शकतो. चालू असताना क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचा करंट घेऊन इथे टाका.

कंट्रोल_सर्किट · सोमवार, सकाळी ९:२०

आणि त्याच वेळी इनकमिंगला व्होल्टेजही घ्या, तिन्ही जोड्या. पॉवर व्होल्टेजच्या वर्गाने बदलते. फेजला २४० ऐवजी २०० मिळत असतील तर ९ चे सव्वासहा किलोवॉट होतात, काहीही बिघडलेलं नसताना. इथे हिशेब निम्म्याचा निघतोय म्हणून ते कारण दिसत नाही, पण मोजायला दोन मिनिटं लागतात.

कॉन्टॅक्टरची कॉइल कोणत्या फेजवरून घेतलीय तेही बघा. ज्या फेजवर कॉइल आहे तो फेज निदान त्या टॅपिंगपर्यंत जिवंत असतो, नाहीतर कॉन्टॅक्टर ओढणारच नाही.

लॉज_देखभाल · सोमवार, दुपारी १२:४०

इनकमिंग (आर, वाय, बी हे तीन फेज): आर-वाय ४१३, वाय-बी ४१६, बी-आर ४१४.
करंट: आर ०, वाय १०.७, बी १०.८.
कॉइल २३० व्होल्टची, बी फेज आणि न्यूट्रलवर.

आर फेजला करंट शून्य. पण आउटगोइंगला टेस्टर तर पेटतोय. मग एलिमेंटच ना?

मेगर_५०० · सोमवार, दुपारी १:१५

नाही. इथेच सगळे फसतात, आणि चांगलं एलिमेंट भंगारात जातं.

समजा कॉन्टॅक्टरचा आर पोल आतून लागत नाही. वाय आणि बी लागलेत. करंट वायमधून जातो, स्टार पॉइंटला येतो, बीमधून बाहेर पडतो. दोन्ही एलिमेंटं सारखी, म्हणून स्टार पॉइंट त्या दोन फेजच्या बरोबर मधे येऊन बसतो. त्या बिंदूचं न्यूट्रलशी व्होल्टेज १२० असतं. आर एलिमेंटमधून करंट नाही, म्हणजे त्यात ड्रॉपही नाही. त्यामुळे तेच १२० व्होल्ट आर एलिमेंटमधून उलटे येऊन कॉन्टॅक्टरच्या आर आउटगोइंगला दिसतात. टेस्टरच्या निऑनला १२० पुरतात, तो पेटतो. थोडा मंद पेटेल, पण उजेडात कोण बघतंय. म्हणून 'टेस्टर पेटला म्हणजे फेज आला' हे स्टारच्या लोडवर चालत नाही.

मीटर लावा, टेस्टर खिशात ठेवा. कॉन्टॅक्टर ओढलेला असताना आउटगोइंगला मोजा:

पोल उघडा असेल तर वाय-बी ४१५ येतील, आर-वाय २०७, आर-बी २०७, आर ते न्यूट्रल १२०. आणि मीटरची एक पिन आर इनकमिंगला, दुसरी त्याच पोलच्या आउटगोइंगला लावली तर जवळपास ३६० व्होल्ट येतील. चांगल्या लागलेल्या पोलवर याच ठिकाणी काही मिलिव्होल्टच येतात.

एलिमेंट तुटलं असेल तर आउटगोइंगच्या तिन्ही जोड्यांना पूर्ण ४१५ येतील, पोलवर काहीच ड्रॉप नसेल. मग तेच ३६० व्होल्ट आर एलिमेंटच्या पिन आणि स्टार पट्टी यांच्यात सापडतील.

चालू पॅनेलमध्ये मोजताय, तेव्हा कॅट थ्री (मीटरचा सुरक्षा दर्जा) ६०० व्होल्टचा मीटर, अखंड लीड, पिनचं टोक शक्य तेवढं झाकलेलं. मनगटावर घड्याळ-कडं नको. ओल्या फरशीवर उभं राहून नको. टाकीखालची फरशी बहुतेक ओलीच असते, रबरी मॅट टाका.

अक्कलकोट_रोड_वायरमन · सोमवार, दुपारी १:३०

३६० चा आकडा कुठून काढला? फेज ते फेज ४१५, फेज ते न्यूट्रल २४०. मधला कुठला?

मेगर_५०० · सोमवार, दुपारी १:४५

दीडपट २४०. आर फेज न्यूट्रलपासून एका बाजूला २४० वर, आणि सरकलेला स्टार पॉइंट बरोबर उलट्या बाजूला १२० वर. दोन्हींची बेरीज ३६०. वहीत तीन बाण १२० अंशांवर काढा, खालच्या दोन बाणांची टोकं जोडा, त्या रेषेचा मध्य शोधा. लगेच दिसेल.

लॉज_देखभाल · सोमवार, दुपारी ३:५०

आउटगोइंग: वाय-बी ४१५, आर-वाय २०९, आर-बी २०५, आर ते न्यूट्रल ११८. आर पोलच्या वर-खाली ३५७.

टाँगटेस्टर · सोमवार, दुपारी ४:००

कॉन्टॅक्टरचा आर पोल. फ्लँजला हात लावायची गरज नाही.

तरी नवा कॉन्टॅक्टर आणण्याआधी एलिमेंट एकदा थंड मोजून घ्या, पाणी न काढता होतं. मेन आयसोलेटर बंद, कुलूप, 'काम चालू' पाटी. टायमरची कंट्रोल सप्लाय कधी कधी दुसऱ्या डीबीतून (वितरण बोर्डातून) आलेली असते, मग मेन बंद असूनही कॉइलच्या ए१-ए२ टर्मिनलवर २३० उभे असतात. तेव्हा मीटर आधी कुठल्यातरी चालू पॉइंटवर लावून बघा, मग कॉन्टॅक्टरवर फेज-फेज आणि फेज-अर्थ शून्य आहे का बघा, मग परत चालू पॉइंटवर बघा. मीटरच मेला असेल तर शून्यच दाखवणार ना.

आता तिन्ही वायर कॉन्टॅक्टरच्या आउटगोइंगवरून काढा आणि जोड्यांनी ओहम मोजा. ३ किलोवॉट २४० व्होल्टचं एलिमेंट १९.२ ओहम. स्टार पट्टी तशीच असल्याने कुठल्याही दोन वायरींत ३८ च्या आसपास यायला हवेत. तिन्ही जोड्या ३८ आल्या तर तिन्ही एलिमेंटं शाबूत. एखादी वायर दोन्ही जोड्यांत ओपन दाखवत असेल तर ते एलिमेंट किंवा त्याचा लग. पट्टी सोडायची वेळच येत नाही.

मीटरच्या लीड एकमेकींना टेकवून येणारे ०.२-०.३ ओहम वजा करा.

अक्कलकोट_रोड_वायरमन · सोमवार, दुपारी ४:२५

कॉन्टॅक्टर आज मिळाला नाही तर आर पोलला खालून वर वायरचा तुकडा मारा. बाकीचे दोन पोल तोडतात-जोडतात, काम भागतंय. उद्या बदला.

कंट्रोल_सर्किट · सोमवार, दुपारी ४:३०

हे करू नका. भाऊ, राग मानू नका, पण हे शॉक बसायचं काम आहे.

आर पोल वायरच्या तुकड्याने जोडला की कॉन्टॅक्टर सुटल्यावरही आर एलिमेंट, स्टार पट्टी आणि त्यामागून वाय-बी एलिमेंटं, सगळ्यांवर २४० व्होल्ट उभे राहतात. करंट वाहत नाही म्हणून पाणी तापत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. टायमर बंद, थर्मोस्टॅट बंद, कॉन्टॅक्टर सुटलेला, असं बघून कोणी टर्मिनल बॉक्सचं कव्हर काढलं की संपलं.

दुसरं: उद्या एखाद्या एलिमेंटची नळी तडकून आतली तार अर्थ झाली तर आर फेजमधून अर्थकडे करंट वाहत राहणार आणि ते एलिमेंट थर्मोस्टॅटला न जुमानता तापत राहणार. आरसीसीबी असेल तर पडेल. नसेल, किंवा कोणी डायरेक्ट करून ठेवला असेल तर पाणी उकळेपर्यंत कळणार नाही. हाय लिमिट कटआउटही (पाणी फार तापलं की तोडणारा) कॉइलच्याच लायनीत असतो, त्याने कॉन्टॅक्टर सुटेल पण तुमचा तुकडा सुटणार नाही.

एक रात्र ४३ अंशांचं पाणी चालेल. टायमर १२ ला लावा, साडेचार किलोवॉटवरही ५ वाजेपर्यंत साधारण ५८ अंश होतील.

अक्कलकोट_रोड_वायरमन · सोमवार, दुपारी ४:४०

टायमर लवकर लावायचं डोक्यात आलं नाही राव. ते बरं.

मेगर_५०० · सोमवार, संध्याकाळी ६:१५

नवा कॉन्टॅक्टर घेताना. तुमचा करंट १२.५ अँपिअर. हीटर हा रेझिस्टिव्ह लोड, त्याला एसी-१ रेटिंग बघायचं, मोटारीचं एसी-३ नाही. तरीही दुकानदार जो '२५ चा' म्हणून देईल तो एसी-३ मधला २५ असतो, एसी-१ मध्ये त्याची क्षमता त्याहून जास्त. तुम्हाला भरपूर. कॉइलवर २३० व्होल्ट ५० हर्ट्झ छापलंय का ते दुकानातच बघा. ४१५ ची कॉइल आणली तर ओढणार नाही, नुसती घरघर करेल. ११० ची आणली तर थोड्या वेळात धूर.

पोल का गेला तेही शोधा, नाहीतर नवाही जाईल. जुना उघडा. फिक्स्ड कॉन्टॅक्टवर काळी खोल खड्डी आणि बाजूचं प्लॅस्टिक तपकिरी असेल तर स्क्रू सैल होता. वायरचे उघडे तार स्क्रूखाली दाबलेले असतील तर तेच कारण. तापून-थंड होऊन तार बसतात, स्क्रू ढिला पडतो, संपर्क कमी, अजून गरम. १२ अँपिअरवर एका जोडात अर्धा व्होल्ट पडला तरी ६ वॉट तिथेच जळतात, नखाएवढ्या जागेत. ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर आणि क्रिंप केलेला पिन लग वापरा. लग पक्कडीने चेपू नका, क्रिंपिंग टूलने.

लाल-काळ्या मुंग्या मेलेल्या सापडल्या तर आश्चर्य नको. कॉन्टॅक्टर ऊबदार असतो, त्या आत शिरतात, कॉन्टॅक्टच्या मधे चेंगरतात, पोल लागत नाही. लूमच्या आवारातल्या पॅनेलमध्ये कापसाचे तंतू हेच काम करतात. पॅनेलच्या केबल एंट्रीला ग्लँड बसवा, रिकामी भोकं बंद करा.

जुने कॉन्टॅक्ट पॉलिश पेपरने घासून परत वापरायचा मोह होतो. वरचा पातळ चांदीचा थर गेला की पंधरा दिवसांचा खेळ.

चौथा_मजला · सोमवार, रात्री ९:२०

धाग्यात घुसतोय, माफ करा. वसतिगृहाचा ६ किलोवॉटचा हीटर, २-२ ची तीन एलिमेंटं. दिवाळीनंतर महिनाभर बंद होता. आता चालू केला की ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी लगेच पडतो. मल्टिमीटरवर एलिमेंट ते बॉडी ओपन दाखवतो. मग आरसीसीबीच खराब ना?

मेगर_५०० · सोमवार, रात्री ९:५०

मल्टिमीटर काही व्होल्टवर तपासतो, तुमचं एलिमेंट २४० वर चालतं. इथे ५०० व्होल्ट डीसीचा मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) लागतो. स्टार पट्टी काढा, सगळ्या वायरी सोडवा, प्रत्येक एलिमेंट ते फ्लँज वेगळं मोजा. १ मेगओहमच्या खाली असेल तर जोडू नका. चांगलं एलिमेंट शंभराच्या पुढे असतं.

एलिमेंटच्या नळीत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते. ती हवेतला दमटपणा ओढते. रोज तापणाऱ्या एलिमेंटमध्ये तो उडून जातो, महिनाभर बंद ठेवलेल्यात साठतो. ओल पिनच्या टोकाकडून शिरते. म्हणून आधी टर्मिनल बॉक्स उघडा, चिनी मातीच्या मण्यांवरचा पांढरा क्षार आणि धूळ कोरड्या कापडाने पुसा, पिनांवर हेअर ड्रायरने वीसेक मिनिटं गरम हवा मारा, परत मेगर. आकडा चढत असेल तर ओलच होती. फ्लँज बाहेर काढता येत असेल तर ओव्हनमध्ये १२० अंशांवर सहा-आठ तास.

सुकवूनही चढत नसेल तर नळीला तडा. आणि एक प्रकार असा असतो की थंड असताना मेगर चांगला, चालू केल्यावर दहा मिनिटांनी पडतो. तडा गरम झाल्यावर उघडतो. तो पडल्या पडल्या, गरम असतानाच मेगर करायचा, थंड झाल्यावर सापडत नाही.

'आरसीसीबी डायरेक्ट करा, चालू ठेवलं की आपोआप सुकेल' असं सांगणारे भेटतील. वर पोरं अंघोळ करतात.

टाँगटेस्टर · सोमवार, रात्री १०:०५

मेगरवर कंट्रोल वायरिंग, डिजिटल कंट्रोलर, टायमर जोडलेलं ठेवू नका. ५०० व्होल्टने कंट्रोलर जाईल, मग एक नवा धागा.

कंट्रोल_सर्किट · मंगळवार, सकाळी ७:३०

चौथा मजला, वसतिगृहात नळाला पाणी दिवसाआड येतं तेव्हा वरची टाकी रिकामी होते. हीटरच्या इनलेटला एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) नसेल तर हीटरमधलं पाणी उलटं खाली उतरतं आणि एलिमेंट उघडं पडतं. कोरडं पेटलेलं एलिमेंट मिनिटांत लाल होतं, नळी तडकते. तुमचा दोष तिथून आला असेल तर नवं एलिमेंटही त्याच वाटेने जाईल. एनआरव्ही बसवा, आणि वरच्या टाकीत फ्लोट स्विच टाकून तो कॉन्टॅक्टरच्या कॉइलला सिरीजमध्ये घ्या. पाणी नाही तर कॉइल नाही.

याच कॉइलच्या लायनीत काय काय आहे ते एकदा कागदावर काढून पॅनेलच्या दारावर चिकटवा. साधारण असं: एमसीबी, टायमर, फ्लोट, थर्मोस्टॅट, हाय लिमिट, मग ए१. कॉन्टॅक्टर ओढत नसेल तर न्यूट्रलला एक पिन ठेवायची आणि दुसरी ओळीने पुढे सरकवत जायची. जिथे २३० संपले तिथला स्विच उघडा.

त्यात हाय लिमिटचं लाल बटन बाहेर आलेलं असेल तर दाबून निघून जाऊ नका. ९० च्या आसपास तो उगाच सुटत नाही. थर्मोस्टॅटचा बल्ब (तापमान घेणारं टोक) पॉकेटमधून बाहेर सरकलेला असतो, किंवा त्याची कॅपिलरी नळी दुमडून गळालेली असते. त्यातलं द्रव गेलं की साध्या थर्मोस्टॅटला पाणी कायम थंडच वाटतं, तो सोडत नाही. किंवा कॉन्टॅक्टरचे कॉन्टॅक्ट चिकटलेले. कॉइलची सप्लाय गेल्यावर करंट शून्य होतो का, एवढं क्लॅम्पने बघितलं की थर्मोस्टॅट की कॉन्टॅक्टर ते कळतं.

डिजिटल कंट्रोलर आणि पीटी-१०० (तापमानाप्रमाणे रेझिस्टन्स बदलणारा सेन्सर) असेल तर सेन्सर सोडवून ओहम घ्या. ० अंशाला १००, २५ ला ११० च्या थोडं आत, ६० ला १२३. तीन वायरींपैकी एकाच रंगाच्या दोन्हींमध्ये जवळजवळ शून्य. सेन्सरच्या वायरी आतल्या आत टेकल्या की कंट्रोलरला रेझिस्टन्स कमी दिसतो, म्हणजे पाणी थंड वाटतं, आणि तो तापवत सुटतो. सगळे कंट्रोलर एरर देतातच असं नाही.

लॉज_देखभाल · मंगळवार, दुपारी १:१०

थंड ओहम: आर-वाय ३८.३, वाय-बी ३८.१, बी-आर ३८.४. तिन्ही एलिमेंटं चांगली. मेगर ४० मेगओहमच्या पुढे.

जुना कॉन्टॅक्टर उघडला. मुंग्या नाहीत. आर पोलचा खालचा स्क्रू बोटाने फिरत होता, वायरला लग नव्हता, इन्सुलेशन इंचभर कडक होऊन तुटलं.

एक प्रश्न. स्टार पॉइंटला न्यूट्रल आणून जोडला तर पुढच्या वेळी निम्म्याऐवजी दोन तृतीयांश तरी मिळेल. जोडावा का?

टाँगटेस्टर · मंगळवार, दुपारी १:४०

जोडता येतो, पण अर्धवट करू नका. एक फेज गेला की न्यूट्रलमधून पूर्ण १२.५ अँपिअर वाहणार, म्हणून न्यूट्रलची वायर फेजच्याच जाडीची. आणि न्यूट्रल त्याच चार पोल आरसीसीबीमधून आलेला हवा. दुसऱ्या डीबीतून जवळचा न्यूट्रल ओढला तर तिन्ही फेज सारखे असेपर्यंत काही होत नाही, एक फेज कमी झाला की आरसीसीबी लगेच पडतो आणि कोणालाच कारण कळत नाही.

माझं मत विचाराल तर न्यूट्रल न आणता पॅनेलवर तीन अँमीटर किंवा आउटगोइंगवर तीन इंडिकेटर... नाही, इंडिकेटर नको, तो पण १२० वर पेटेल. तीन अँमीटर बसवा. रात्रीचा पोऱ्यासुद्धा बघून सांगेल.

मेगर_५०० · मंगळवार, दुपारी २:००

टर्मिनल बॉक्स उघडाच आहे तर एलिमेंटच्या पिनवरचे नटही घट्ट करा. दोन पाने वापरा, एकाने खालचा नट धरून, दुसऱ्याने वरचा. एकाच पान्याने आवळलं तर पिन आत फिरते आणि वेल्ड तुटतो. चांगलं एलिमेंट अशानेच जातं. लगखाली सपाट वॉशर, वर स्प्रिंग वॉशर. बॉक्सच्या आत पीव्हीसी वायर नको, फायबर ग्लासचं कव्हर असलेली सिलिकॉन वायर घ्या.

आणि जत्रा झाली की एकदा क्षार काढा. सायट्रिक अॅसिडचं ५ टक्क्यांचं पाणी, म्हणजे १० लिटरला अर्धा किलो. फ्लँज बाहेर काढून एलिमेंट त्यात बुडवा, फेस थांबेपर्यंत. पिनांना पाणी लागू द्यायचं नाही. थर्मोस्टॅट ६० च्या वर नेऊ नका, त्याच्या पुढे क्षार भराभर बसतो.

लॉज_देखभाल · बुधवार, सकाळी ५:२०

नवा कॉन्टॅक्टर, क्रिंप लग, तिन्ही फेजला. आर १२.४, वाय १२.५, बी १२.५. पोलवर ड्रॉप १८, २१, १९ मिलिव्होल्ट. ४:४५ ला थर्मोस्टॅटने ६० वर सोडला.

अक्कलकोट_रोड_वायरमन · बुधवार, सकाळी ७:०५

आठवड्याने स्क्रू परत एकदा आवळा, नवीन तांबं बसतंय थोडं. मेन बंद करून.